नागपूर महापालिकेचा वरून येणारा पैसा बाजारपेठेपर्यंत कसा पोहोचतो, आणि कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: केंद्राकडून आणि राज्याकडून नागपूर महापालिकेला दर वर्षी मोठा निधी येतो. त्यातला किती पैसा शहराच्या आर्थिक विकासावर, म्हणजे बाजार, छोटे धंदे आणि रोजगार यांवर, खर्च होतो? आणि एखाद्या व्यापारी संघटनेला काम सुचवायचे असेल तर सुरुवात कुठून करायची?

महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘आर्थिक विकास’ नावाचे लेखाशीर्ष शोधायला बसलात तर दिवस वाया जाईल. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांना अठरा विषय दिले. त्यातला तिसराच विषय आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हा आहे. विषय आला, पण त्याच्या नावाचा पैसा काही आला नाही. पैसा येतो तो पाणी, कचरा, हवा, मलनिस्सारण आणि वस्ती सुधारणा यांच्या नावाने. म्हणून पालिकेतला जाणता अधिकारी वेगळा निधी मागत बसत नाही. बांधील निधीतून दुहेरी काम कसे निघेल ते पाहतो. गटार तर व्हावेच, पण ते आधी बाजाराच्या गल्लीत व्हावे. हे सगळीकडे जमते असे नाही, आणि का जमत नाही ते कळायला पैशाचे प्रकार आधी कळले पाहिजेत.

पहिला प्रकार जीएसटी नुकसानभरपाईचा. पूर्वी जकात होती. मग २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला. आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई सुरू केली. ती दरमहा मिळते आणि दर वर्षी ८ टक्क्यांनी चक्रवाढ पद्धतीने वाढते. कशावर खर्च करायची याचे बंधन नाही. प्रत्यक्षात पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि शहर बससेवेची तूट भागता भागता तिचा बराचसा भाग संपतो. पण खरी मेख वेगळीच आहे. जकातीच्या काळात नाक्यावरून ट्रक आत आला की पालिकेचे उत्पन्न वाढायचे. आज इतवारीच्या घाऊक बाजाराची उलाढाल दुप्पट झाली तरी भरपाईचा आकडा ठरल्या ८ टक्क्यांनीच सरकतो. व्यापार आणि पालिकेची तिजोरी यांना जोडणारा धागा तुटला आहे. उरले ते मालमत्ता कर, मुद्रांक शुल्कावरचा १ टक्का अधिभार, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि गाळेभाडे, म्हणजे सगळे जमीन आणि इमारतीशी बांधलेले. भाजीवाल्यांच्या ओट्यांपेक्षा व्यापारी संकुलाच्या फाइलला पाय लवकर का फुटतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

दुसरा प्रकार वित्त आयोगाच्या अनुदानाचा. गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहेत. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ साठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना ४० टक्के मुक्त (गरजेप्रमाणे वापरायचे) आणि ६० टक्के बंधित (ठरल्या कामांसाठीच) अनुदान दिले. नागपूर दहा लाखांच्या वरचे, त्यामुळे त्याला मुक्त अनुदान शून्य. अशा शहरांसाठी ३८,१९६ कोटींचा वेगळा आव्हान निधी होता: ढोबळमानाने एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेसाठी आणि दोन तृतीयांश पाणीपुरवठा, पर्जन्यजल पुनर्भरण व घनकचरा यांसाठी, आणि सगळाच कामगिरीवर अवलंबून. हवेसाठी पीएम १०, म्हणजे बारीक धूलिकणांची, वार्षिक सरासरी किती उतरली आणि चांगल्या हवेचे दिवस किती वाढले ते बघत. पाण्यात दरडोई पुरवठा, जोडण्यांचे प्रमाण, गळती. शिवाय वाटप शहरसमूहाला, म्हणजे शहर आणि लगतच्या वस्त्यांना मिळून होते, एकट्या महापालिकेला नाही. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत २४,०५,६६५ आणि नागपूर शहरसमूहात २४,९७,८७० लोक होते; मधल्या ब्याण्णव हजारांचा हिशेबही याच चौकटीत येत होता.

या अनुदानाला दोन प्रवेशअटी होत्या. आधीच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणे ही पहिली. मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करून वसुलीची वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीइतकी राखणे ही दुसरी. यातली एक जरी चुकली तरी त्या वर्षीचे अनुदान हातचे जात असे. उलट बाजूने, केंद्राकडून आलेली रक्कम राज्याने दहा कामकाजी दिवसांत पुढे पाठवायची. उशीर झाला तर व्याजासह. सोळाव्या आयोगाचा कालावधी १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्याचे आदेश वाचतानाही याच खुणा शोधायच्या: मुक्त किती, बंधित कशाला, प्रवेशअट कोणती.

तिसरा प्रकार योजनांचा, आणि त्यात स्वहिस्सा, म्हणजे पालिकेने स्वतः घालायचा वाटा, हा कळीचा शब्द. पाणी आणि मलनिस्सारणाच्या अमृत २.० या केंद्रीय योजनेत दहा लाखांवरच्या शहरांना केंद्राचा वाटा २५ टक्केच. बाकी राज्य आणि पालिकेने उभे करायचे. नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प १,९२५ कोटींहून मोठा, वाटणी केंद्र ६०, राज्य २५, पालिका १५. पंधरा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते सुमारे २८९ कोटी होतात, आणि ते भरपाईच्या मोकळ्या पैशातून किंवा कर्जातून काढावे लागतात. म्हणजे वरून जितकी मोठी योजना, तितका खालचा मोकळा पैसा आटतो. बाजारातल्या दिव्यांसाठी वीस लाख का नाहीत, हे त्या मोठ्या प्रकल्पाच्या स्वहिश्शात लपलेले असते. स्मार्ट सिटीत केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढाच जुळवणी हिस्सा अशी रचना होती. पैसा वेगळ्या कंपनीमार्फत मुख्यतः पारडी, भरतवाडा, पुनापूर भागात गेला. मिशन ३१ मार्च २०२५ ला संपले. बांधलेले सांभाळण्याचा खर्च मात्र संपत नाही.

जिल्हा नियोजन समितीचा निधी, नगरोत्थान ही राज्याची नागरी सुविधांची योजना आणि वस्ती सुधार योजना हा चौथा प्रकार. रकमा लहान, पण आमदार, नगरसेवक आणि पालकमंत्री यांच्या शिफारशीने लवकर हलणाऱ्या. छोट्या बाजारांची खरी कामे बहुधा इथूनच निघतात.

दुहेरी काम कसे काढतात

नागपूरचेच सर्वांत चांगले उदाहरण सांडपाण्याचे आहे. २००८ मध्ये महापालिकेने महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी करार केला. भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करायचे आणि ते कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायचे. बांधणीला केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचा आधार मिळाला आणि पालिकेला त्या पाण्याचे पैसे मिळू लागले. पुढे रोज २०० दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प खासगी भागीदारीतून उभा राहिला. अनुदान मलनिस्सारणाचे होते. त्यातून उद्योगाला पाणी मिळाले, धरणाच्या पाण्यावरचा ताण कमी झाला आणि पालिकेला उत्पन्न आले. वापरणारा आधी पक्का झाला आणि प्रकल्प मग बांधला, म्हणून हे साधले. उलट्या क्रमाने केले असते तर शुद्ध पाणी नाल्यातच सोडावे लागले असते.

हवेच्या निधीचेही असेच करता येते. नागपुरात धुळीचा मोठा वाटा रस्त्याकडेच्या उघड्या मातीचा आहे. लकडगंज किंवा कळमन्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा पेव्हिंग ब्लॉकने पक्क्या केल्या की कागदावर ते धूळनियंत्रण असते आणि व्यापाऱ्याला माल उतरवायची जागा मिळते. अट एकच: काम शहराच्या मंजूर स्वच्छ हवा कृती आराखड्यात बसले पाहिजे. म्हणून अर्जात ‘व्यापाऱ्यांची सोय’ लिहायचे नाही. किती मीटर कच्ची कड, दिवसाला किती ट्रक, जवळ शाळा-दवाखाना कुठला, हे लिहायचे. कचऱ्याच्या निधीचेही तसेच. कॉटन मार्केट किंवा संत्रा मार्केटचा ओला कचरा, तणस आणि सडका माल सकाळी दहाच्या आत उचलला गेला तर दुपारचे गिऱ्हाईक टिकते. आणि तो घराघरांतल्या कचऱ्यात न मिसळता थेट बायोगॅस किंवा खत प्रकल्पाला गेला तर विलगीकरणाची टक्केवारी सुधारते. वेगळी गाडी आणि वेगळी फेरी एवढीच मागणी असते. नाकारायला कारण सापडत नाही.

फेरीवाल्यांबाबत पैसा बँकेचा, पण किल्ली पालिकेकडे. पीएम स्वनिधीत आता १५,०००, मग २५,००० आणि नंतर ५०,००० असे टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते, वेळेवर फेडणाऱ्याला व्याजावर ७ टक्के अनुदान. योजना ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. पालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र नसेल तर अर्ज पुढे जात नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कुणाला हटवता येत नाही, आणि स्थलांतराआधी तीस दिवसांची नोटीस लागते. हे डावलून बर्डीसारख्या (सीताबर्डी) ठिकाणी काम काढले तर प्रकरण थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाते आणि स्थगितीच्या काळात निधीची मुदत संपते.

दोन कोटींच्या बाजाराचा हिशेब

समजा, एका भाजीबाजारासाठी दोन कोटी मंजूर झाले. दोन कोटींचे काम होईल असे गृहीत धरू नका. कामाच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार उपकर, शिवाय चाचण्या, त्रयस्थ तपासणी आणि आकस्मिक खर्च मिळून ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जमिनीवरच्या दर शंभर रुपयांना सुमारे १२३ रुपये लागतात. प्रत्यक्ष काम एक कोटी बासष्ट-त्रेसष्ट लाखांचे. विजेचा भार वाढवायचा असेल तर त्याचे पैसे याच्यातूनच.

ओटा साधारण दीड मीटर बाय सव्वा मीटर, उंची अर्ध्या मीटरच्या आत; उंच ओट्यावर बसलेली बाई तोलकाट्याकडे वाकून वाकून दिवसभरात थकते आणि आठवड्याने खाली जमिनीवर बसते. दोन रांगांत किमान अडीच मीटर, म्हणजे हातगाडी आत जाते आणि माणूसही बाजूने निघतो. फरशीला शंभरात एक असा उतार, नालीकडे. नालीवरची जाळी उचलता येणारी हवी. सिमेंटमध्ये पक्की बसवलेली जाळी पहिल्या पावसात कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबते. छताची उंची साडेचार मीटर आणि वर हवा जायला फट, नाहीतर मे महिन्यात पालेभाजी दुपारी बारालाच मान टाकते. या गोष्टी कामाचे अंदाजपत्रक तयार होतानाच घालाव्या लागतात. कार्यादेशानंतर सुचवलेला बदल म्हणजे जादा बाब, आणि जादा बाबीची फाइल मूळ फाइलपेक्षा सावकाश चालते.

त्याहून मोठा अडथळा वाटपाचा. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सार्वजनिक बाजार बांधणे आणि राखणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पण कलम ७९ म्हणते की स्थावर मालमत्ता बाजारभावाहून कमी मोबदल्यात देता येत नाही. म्हणून नवे गाळे लिलावात जातात, जुन्या बाजारात वीस वर्षे बसणाऱ्याला बोली परवडत नाही, मग तो गाळ्यासमोरच्या रस्त्यावर बसतो आणि गाळा कुलूपबंद राहतो. लेखापरीक्षणात ‘महसूल बुडाला’, बाजारात ‘पैसा पाण्यात’. यावर उपाय आधीच करायचा असतो: पाडापाडीपूर्वी जुन्या परवानाधारकांची छायाचित्रांसह यादी, क्षेत्रफळाची नोंद, पुनर्वाटपाचा ठराव आणि भाड्याचा दर, हे सगळे प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावालाच जोडलेले असावे. नंतर ठराव आणू म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे.

सिमेंट रस्ता आणि दुकानाची पायरी

नागपुरात बाजारपेठेवर सर्वांत जास्त पैसा दिसतो तो सिमेंट रस्त्यांत, आणि तक्रारीही त्याच्याच. काँक्रीट एम ४० दर्जाचे, खाली कोरड्या काँक्रीटचा थर, सगळे मिळून जाडी पस्तीस-चाळीस सेंटिमीटर सहज होते. तेवढे खोदून मग थर टाकायचा असतो. खोदाई अर्धवट झाली की रस्ता वर येतो आणि पावसाळ्यात पाणी दुकानात. रस्त्याचा माथा दुकानाच्या जोत्यापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. काम सुरू होण्याआधी शटरच्या बाजूच्या भिंतीवर ऑइलपेंटने नियोजित रस्तापातळीची रेघ मारून घ्या आणि तिचा फोटो तारखेसह कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने नोंदवा. ती रेघ असली की पुढचा वाद पाच मिनिटांत मिटतो.

रस्त्याखालून आडव्या रिकाम्या पाइपांची सोय दर तीस-चाळीस मीटरवर हवी. नाहीतर सहा महिन्यांत कुणाचे तरी नळ कनेक्शन किंवा केबल येते आणि नवे काँक्रीट फुटते. सांधे वेळेत, म्हणजे काँक्रीट पुरेसे कडक होताच पहिल्या दिवसाच्या आत कापले नाहीत तर तडे स्वतःची जागा स्वतः निवडतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा काँक्रीट रात्री टाकावे आणि ओले गोणपाट किमान दोन आठवडे ठेवावे. जड वाहने अठ्ठावीस दिवसांनंतर.

आणि वेळ बघा. इतवारी-महाल पट्ट्यात तान्हा पोळ्याच्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते; तोवर रस्ता मोकळा नसेल तर ठेकेदार रात्रीत मिळेल ते भरून टाकतो. त्यानंतर लगेच गणपती, दसरा, दिवाळी. कापड आणि सराफ्याला फेब्रुवारी ते मे लग्नसराई. धंद्याला न दुखवणारा महिना नसतोच. म्हणून अर्धी रुंदी आधी, अर्धी नंतर, आणि एका वेळी दोन चौकांमधलाच तुकडा, असे कार्यादेशातच लिहून घ्यावे. विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनाआधी शहरात रंगरंगोटीला जी गती येते ती वर्षभर टिकेल या भरवशावर मात्र राहू नये.

फाइल कुठून कुठे जाते

सुरुवात झोन कार्यालयातून. दहा झोन आहेत. इतवारीची बहुतेक कामे सतरंजीपुरा किंवा गांधीबाग झोनकडे, बर्डीची धरमपेठ किंवा धंतोलीकडे. हद्द एकदा विचारून घ्या, रस्त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा झोन असे होते. पहिला कागद जागेचा: आखीव पत्रिका (मालमत्ता पत्रक) आणि विकास आराखड्यातला नकाशा. जागा पालिकेची, नझूलची (सरकारी) की नागपूर सुधार प्रन्यासची, हे इथे कळते. प्रन्यासची जागा असेल तर ना-हरकत आल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ. मग दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, वित्त विभागाचा ‘तरतूद शिल्लक’ शेरा, तांत्रिक मान्यता, रकमेप्रमाणे आयुक्त किंवा स्थायी समितीची प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यादेश. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय देयक नाही, आणि पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

गाडी अडते ती बहुधा तरतुदीच्या शेऱ्यावर. अंदाजपत्रकात आकडा छापलेला असतो, पण मागील वर्षांच्या कामांचे दायित्व त्यातूनच आधी भागवायचे असते. पाच कोटींच्या शीर्षात साडेचार कोटींची जुनी देणी असू शकतात. म्हणून ‘तरतूद किती’ असे विचारू नका. ‘दायित्व वजा जाता किती’ असे विचारा, आणि उत्तर टाळले गेले तर माहितीच्या अधिकारात लेखाशीर्षनिहाय दायित्वाची यादी मागा. दुसरा अडथळा मार्चचा: अनुदानाचा हप्ता फेब्रुवारीत येतो, निविदेला महिना-दीड महिना जातो, आणि पैसा पुढच्या वर्षात ढकलावा लागतो. निविदा तयार ठेवून निधीची वाट पाहणारी फाइल जिंकते. निधी आल्यावर नकाशा काढणारी हरते.

सूचना द्यायचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. त्याच वेळी चालू वर्षाचे सुधारित आणि पुढच्या वर्षाचे नवे अंदाजपत्रक आकार घेत असते. पत्र दोन पानांचे पुरे: जागेची आखीव पत्रिका, मोजमापासह हाती काढलेला नकाशा, बाधित दुकानदार-फेरीवाल्यांची सह्यांसह यादी, काम कोणत्या बंधित निधीत बसते त्याचे एक वाक्य, आणि नंतरची देखभाल कोण करणार याचे लेखी आश्वासन. हा शेवटचा कागद फार कमी संघटना जोडतात. झाडलोट, दिवे आणि पहारा आम्ही पाहू असे सहीशिक्क्याने लिहून दिले की वित्त विभागाच्या आक्षेपातला सर्वांत मोठा मुद्दा तिथेच गळतो. पत्राची एक प्रत झोनच्या सहायक आयुक्तांना, दुसरी बाजार विभागाला, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.